तुरीची पोती आणि शरणपूरची याओ मुलं

एपीएमसी मार्केटच्या दाणा बाजारात मोझांबिक, मलावीची तूर येते. ती पोती पाठीवर घेणारे आपलेच कष्टकरी. पण त्या देशांतल्या माणसाची भाषा कानावर पडली की 'काय बडबडतोय' म्हणून हसणारेही आपल्यातच आहेत. म्हणून आम्ही हा इतिहास मांडतो आहोत.

मोझांबिक, मलावी आणि टांझानियात याओ लोक राहतात. त्यांची चियाओ ही सुमारे 500 बांटू भाषांपैकी एक. चियाओतला 'चि' आणि किस्वाहिलीतला 'कि' मुळात एकच उपसर्ग. तो लागला की भाषेचं नाव तयार होतं. चियाओला स्वतःच्या बोलीही आहेत. म्हणजे ती बडबड नाही, व्याकरण असलेली भाषा आहे.

ही भाषा बोलणारी मुलं नाशिकला राहत होती. 19व्या शतकात ब्रिटिश नौदलाने गुलामांची गलबतं पकडली. सोडवलेल्यांपैकी काही मुलं मुंबईला उतरवली गेली आणि चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर वसाहतीत पोहोचली. तिथे त्यांना शिक्षण मिळालं, ते आम्ही नाकारत नाही. पण नावं गेली. चेंगविंबे हा याओ मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. जेकब वेनराइटही याओच. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचं शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत हे दोघे होते. जेकबने त्या प्रवासाची रोजनिशी लिहिली, ती इंग्रजीत. लिव्हिंग्स्टन 'महान संशोधक' ठरला, हे मात्र 'विश्वासू नोकर'.

याओंचा इतिहासही निर्मळ नाही. काही याओ सरदार स्वतः गुलामांचा व्यापार करत. पुढे 1968 मध्ये मलावीत चिचेवा राष्ट्रभाषा झाली आणि याओ मुलांनाही शाळेत तीच शिकावी लागली. कोणती भाषा 'प्रमाण' आणि कोणती 'गावठी', हे व्याकरण ठरवत नाही, सत्ता ठरवते.

हे आपल्याला नवं आहे का? आपल्या आजीची बोली 'अशुद्ध' म्हणून शाळेत कुणी हिणवली, हे आपण विसरलेलो नाही. तोच दंडक आपण दुसऱ्याला लावला, तर बाबासाहेबांकडून समता शिकलो असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या आठवणीने आपण नाशिकला जातो. पुढच्या वेळी शरणपूरलाही जाऊ. आणि चेंगविंबेला त्याच्या स्वतःच्या नावाने आठवू.

जय भीम!