अशोकाचा पाचवा शिलालेख आणि बंदिवानांची अपत्ये

सम्राट अशोकाच्या पाचव्या प्रमुख शिलालेखाचा उल्लेख होतो तो बहुधा धम्ममहामात्रांच्या नेमणुकीपुरता. राज्याभिषेकास तेरा वर्षे झाल्यावर, म्हणजे इ. स. पू. २५६ च्या सुमारास, हा नवा अधिकारीवर्ग निर्माण झाला, हे सर्वश्रुत आहे. त्याच लेखातील बंदिवानांविषयीच्या वाक्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही, असे आम्हांस वाटते.

बंदिवानांस साहाय्य करणे, त्यांच्या बेड्या काढविणे व त्यांस मुक्त करविणे ही महामात्रांची कामे त्यात सांगितली आहेत आणि त्यासाठी तीन कारणे दिली आहेत. बंदिवान वृद्ध असणे हे एक. दुसऱ्या कारणाच्या शब्दावर मतभेद आहेत. कोणी त्याचा अर्थ करणीने बाधित असा करतात, कोणी केवळ पीडित असा. उरलेले कारण 'अनुबध' आणि 'पजा' या शब्दांनी सांगितले आहे. ज्याच्यामागे लेकरांचा पाश आहे तो, असा त्याचा आशय. हुल्ट्श यांनी १९२५ च्या आपल्या संपादनात हाच अर्थ स्वीकारला आहे. वार्धक्य आणि पीडा बंदिवानाच्या स्वतःच्या देहाशी निगडित आहेत. अपत्ये मात्र त्याच्याहून वेगळी, निरपराध माणसे आहेत. त्यांच्यासाठी शिक्षेचा पुनर्विचार व्हावा, हे येथे राजाज्ञेत आले आहे. (आपल्या सोपाऱ्यास आठव्या व नवव्या लेखांचेच तुकडे मिळाले, पाचव्यासाठी काळसीकडे वळावे लागते.)

याचा अतिरेकी अर्थ काढू नये. ही तरतूद शिक्षा झाल्यानंतरची आहे, न्यायनिवाड्याच्या वेळची नव्हे. शिवाय अभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरविलेल्या चौथ्या स्तंभलेखात अशोक व्यवहारसमता आणि दंडसमता यांचा आग्रह धरतो. देहदंड तो रद्द करीत नाही. तीन दिवसांची मुदत तेवढी देतो. एकाच अपराधास एकच दंड हवा, तर लेकुरवाळ्यास सवलत कशी द्यावी? दोन्ही लेखांत मिळून हा पेच उभा राहतो.

दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयापुढे २००७ साली हाच पेच आला. तीन मुलांचा एकटीने सांभाळ करणाऱ्या मातेस फसवणुकीबद्दल कारावास झाला होता. संविधानाच्या कलम २८ नुसार बालकाचे हित सर्वोपरी आहे. बहुमताच्या निकालपत्रात न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांनी स्पष्ट केले की, मुलांचे हित म्हणजे आरोपीच्या बाजूची केवळ एक सबब नव्हे. न्यायाधीशाने त्याचा स्वतंत्रपणे विचार केला पाहिजे. मातृत्व ही शिक्षेतून सुटण्याची हमी नव्हे, हेही त्यांनी बजावले. उरलेला कारावास तहकूब झाला. देखरेख आणि फसविलेल्यांची भरपाई तिच्यावर बंधनकारक झाली. सर्व न्यायमूर्तींस हे मान्य नव्हते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली आर. डी. उपाध्याय प्रकरणात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांस कैदी मातेजवळ राहू देण्याविषयी आणि त्यांच्या आहार, आरोग्य व शिक्षणाविषयी तपशीलवार निर्देश दिले. परंतु तो निर्णय माता तुरुंगात गेल्यानंतरच्या व्यवस्थेचा आहे. तिला तेथे पाठवितानाच मुलांचा विचार व्हावा काय, हा त्या प्रकरणाचा विषय नव्हता.