अंकीय न्यायसहायक साधने : वर्णनलेखनाचा इतिहास

संगणक, भ्रमणध्वनी इत्यादींमधील नोंदी न्यायालयात पुरावा म्हणून टिकतील अशा रीतीने हस्तगत करणे, त्यांची अविकल प्रत काढणे व त्या प्रतीचा अर्थ लावणे, यांस अंकीय न्यायसहायक विज्ञान म्हणतात. ही कामे ज्या आज्ञावलींनी होतात, त्यांची लेखी वर्णने कशी घडत गेली हा या विज्ञानाच्या इतिहासातील काहीसा उपेक्षित भाग आहे. अशा वर्णनांचा वाचक आरंभी अनुभवी तंत्रज्ञ होता. पुढे वकील व न्यायाधीश आले आणि अलीकडे साधने स्वतः निवडून चालविणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंट आले. वाचक बदलला तसतशी लेखनातील एकेक उणीव उघडी पडली.

बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी सिद्ध केलेल्या युनिक्स मार्गदर्शिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. आज्ञेचे नाव, ती लिहिण्याची रीत, वर्णन, ‘दोष’ इत्यादी असा तिचा साचा होता. आपल्याच आज्ञावलीतील उणिवा आपणच छापण्याची ही प्रथा पुढील अनेक व्यापारी उत्पादनांनी उचलली नाही, हे दुर्दैवच म्हटले पाहिजे. याच परंपरेतील ‘डीडी’ ही आज्ञा पुढे तबकडीची प्रत काढण्यासाठी तपासात रूढ झाली. तिच्यात मूळ व प्रत यांची नावे उलटसुलट झाल्यास पुरावाच पुसला जातो. तसेच, वाचता न आलेला भाग शून्यांनी भरून पुढे जाण्यास तिला सांगता येते. मग प्रतीतील शून्ये मूळची की भरलेली, हे केवळ प्रतीकडे पाहून कळत नाही. मुरलेला तंत्रज्ञ हे जाणून असे, म्हणून ते ठळकपणे लिहिण्याची निकड कोणास वाटली नाही.

डॅन फार्मर व व्हीत्से व्हेनेमा यांचा ‘कॉरोनर्स टूलकिट’ हा आज्ञावलीसंच २००० मध्ये सर्वांस खुला झाला. त्याच्या आधारे ब्रायन कॅरिअर यांनी ‘स्लूथ किट’ रचला व २००५ मध्ये फाइल व्यवस्थांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. येथे वर्णनाचा विषय आज्ञेपुरता न राहता, ती जी आधारसामग्री वाचते तिच्याकडे वळला. उदा., ‘फॅट’ या पद्धतीत फाइलची वेळ स्थानिक घड्याळाप्रमाणे नोंदली जाते, तर ‘एनटीएफएस’मध्ये जागतिक प्रमाणवेळेनुसार. साधन कोणती वेळ दाखविते हे लिहिलेले नसेल, तर भारतातील घटनाक्रमात साडेपाच तासांची चूक होऊ शकते, आणि आरोपी घटनास्थळी होता की नव्हता हे तेवढ्यावर फिरू शकते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविद्या संस्थेने अशा साधनांच्या चाचण्यांचा कार्यक्रम हाती घेतला. साधनाने काय करावयास हवे हे आधी लिहावयाचे आणि मग त्याने प्रत्यक्षात काय केले ते प्रसिद्ध करावयाचे, अशी त्याची पद्धत आहे. तिची गरज फ्लोरिडातील २०११ च्या एका गाजलेल्या खून खटल्यात दिसून आली. घरातील संगणकावरून क्लोरोफॉर्मविषयीच्या एका पृष्ठास किती वेळा भेट दिली गेली, याचे उत्तर एका आज्ञावलीने १, तर दुसरीने ८४ असे दिले. ज्युरीपुढे ८४ हा आकडा आला. नंतर तो चुकीचा ठरला. तो वस्तुतः एका वेगळ्याच संकेतस्थळाच्या भेटींचा होता. चूक त्या आज्ञावलीच्या कर्त्यानेच शोधून अधिकाऱ्यांना कळविली. मूळ नोंदी ‘मॉर्क’ नावाच्या दुर्बोध रचनेत होत्या. फायरफॉक्सने ती २००८ मध्येच सोडून दिली होती. आरोपी खुनाच्या आरोपातून सुटली.

साधनांचे निष्कर्ष दुसऱ्या आज्ञावलींना वाचता यावेत म्हणून सिम्सन गारफिंकेल यांनी ‘डीएफएक्सएमएल’ ही मांडणी रचली. तथापि तीत निष्कर्षांची देवघेव होती. साधन केव्हा वापरावे हा निर्णय माणसाकडेच होता. तो एजंटाकडे जाण्याची सोय नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने प्रसिद्ध केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’सारख्या संकेतांनी झाली. त्यात प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन व त्यास द्यावयाच्या माहितीचा आराखडा एजंटापुढे ठेवला जातो आणि निवड मुख्यतः त्या मजकुरावरून होते. शेजारच्या टेबलावरील ज्येष्ठाला विचारण्याची सोय एजंटास नसते. साधन मूळ पुराव्यात बदल करते काय, कोणत्या आवृत्तीपर्यंतच्या नोंदी वाचते, वेळ कोणत्या प्रमाणात देते, हे सारे लिहावेच लागते. सर्वांत अवघड बाब रिकाम्या उत्तराची. ‘काही आढळले नाही’ आणि ‘ही रचना वाचता आली नाही’ या दोहोंना अनेक साधने सारखेच मौन पाळतात; एजंट त्या मौनाचा अर्थ पुरावा नाही असा लावून पुढे जातो.

भारतात १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या अनुसूचीतील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचे हॅश मूल्य, म्हणजे त्याच्या आशयावरून गणिताने काढलेली खूणसंख्या, व ते काढण्याची रीत नमूद करावी लागते. त्याचा पहिला भाग पक्षकाराने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. एजंटाने चालविलेल्या साधनाच्या निष्कर्षाखालीही सही या तज्ज्ञाचीच येते, आणि उलटतपासणीत साधनाचे वर्णन त्याच्यापुढेच ठेवले जाते.