अनाथालयातील नलिका

घटसर्प हे नाव आज आपल्या घरांतून क्वचितच कानी पडते. या रोगात घशात पापुद्रा धरतो, श्वासमार्ग अरुंद होत जातो आणि बालक डोळ्यांदेखत गुदमरते. न्यूयॉर्कमध्ये सिस्टर्स ऑफ चॅरिटी या धर्मभगिनी टाकून दिलेल्या अर्भकांचे अनाथालय चालवीत. तेथे १८७२ पासून सेवेत असलेल्या डॉ. जोसेफ ओड्वायर यांनी हे मरण वारंवार पाहिले. गळ्याला छेद देण्याचा उपाय तेथे जवळजवळ नेहमीच व्यर्थ ठरे. म्हणून १८८० पासून ते तोंडावाटे स्वरयंत्रात बसेल अशी नळी घडवू लागले. ती खोकल्यासरशी बाहेर उसळे, नाहीतर आत रुतून व्रण पाडी. त्यांनी तिचा आकार पुनःपुन्हा बदलला. (मला तर शोधाहून ही चिकाटीच थोर वाटते.) १८८५ साली त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली.

अफूची विषबाधा झालेल्यांच्या फुप्फुसांत हवा भरण्यासाठी बफेलोच्या डॉ. जॉर्ज फेल यांनी भाता बनविला होता. तो पुढे या नळीला जोडला गेला. छाती उघडताच फुप्फुस आकसते, या भयाने शल्यविशारद तिकडे सहसा वळत नसत. जानेवारी १८९८ मध्ये ओड्वायर निवर्तले. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सच्या डॉ. पारहम यांनी छातीच्या भिंतीवरील गाठ काढताना भुलीखालील रुग्णाचा श्वास याच जोडणीने चालू ठेवल्याचे नोंदविले.