मोजलेला श्वास

न्यूमोनिया हा शब्द घरोघरी पोहोचण्यापूर्वी आपल्याकडे तान्ह्या मुलांच्या या आजाराला ‘डबा’ म्हणत. श्वासागणिक पोट उडते, बरगड्यांखाली खळगा पडतो, नाकपुड्या फुलतात, मूल दूध ओढीत नाही, ही सारी लक्षणे आयाबायांना ठाऊक होती. आजचे वैद्यकशास्त्रही छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे हे न्यूमोनियाचे महत्त्वाचे लक्षण मानते. म्हणजे जुन्या शब्दामागचे निरीक्षण अचूक होते. चुकत होता तो उपाय. अंगारा, दृष्ट आणि काही ठिकाणी पोटावर तापल्या लोखंडाचे चटके. साहित्याच्या अभ्यासकांनी या शब्दाचा इतिहास का पाहावा, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे उत्तर आम्हांला एका माजी विद्यार्थिनीने दिले.

ती मुरबाड तालुक्यातली. ऐन पावसाळ्यात तिचे आठ महिन्यांचे बाळ धापू लागले, तेव्हा गावापासून कल्याणपर्यंत आणि तिथून पुढे ठाण्याच्या दिशेने अशी तिची फरफट झाली. अखेर एका रुग्णालयात बाळाच्या नाकाशी नळी लागली आणि त्या नळीचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवले गेले. बाळ बरे होऊन घरी आल्यावर ती आम्हांला म्हणाली, “सर, रात्रभर मी बुडबुडेच मोजत होते. बुडबुडे येताहेत म्हणजे पोर आहे, एवढंच कळत होतं.” ‘मोजणे’ हे तिचे क्रियापद आम्हांला या इतिहासाची किल्ली वाटते.

कल्याणशी जिचे नाव कायमचे जोडलेले आहे, त्या आनंदीबाई जोशी यांच्यापासून आरंभ करता येईल. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वैद्यक शिकण्याच्या त्यांच्या निश्चयामागे हे दुःख होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. 1886 साली त्या फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन निघाल्या. 1887 च्या फेब्रुवारीत क्षयाने त्यांचे निधन झाले. चरित्रांतून आणि श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीतून आनंदीबाई आपल्याला परिचित आहेत. ते दहा दिवसांचे मूल मात्र त्या कथेत केवळ कारण म्हणून येते. त्या काळी असे मरण इतके नित्याचे होते, की ते मोजावे असे कुणाला वाटत नसे.

मोजण्याचा आरंभ महाराष्ट्रात झाला तो गडचिरोलीत. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 58 गावांत आरोग्यसेवकांना व दायांना न्यूमोनिया ओळखून साधे प्रतिजैविक औषध देण्यास शिकवले. 44 गावे तुलनेसाठी ठेवली. 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या मुलांपैकी 0.8 टक्के दगावली, तर तुलनेच्या गावांत हे प्रमाण 13.5 टक्के होते. निदानाची कसोटी श्वासाचीच होती: दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक. पण निरक्षर दाईने पन्नासापर्यंत मोजावे कसे? त्यासाठी मण्यांची पाटी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असे श्वासमापक तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी आला, तर न्यूमोनिया. दाईला दहापर्यंत मोजता आले, की पुरे.

याच काळात आपल्या ठाणे जिल्ह्याचे चित्र निराळे होते. 1992 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे बालमृत्यू गाजले. जव्हार-मोखाडा 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहेत. त्या वेळी ते ठाण्यातच होते. पुढे 2001 साली अभय बंग व सहकारी संस्थांचा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्ष बालमृत्यू कितीतरी अधिक आहेत, हे त्याने दाखवून दिले. शीर्षक हृदयस्पर्शी आहे, तरी एक शंका नोंदवावीशी वाटते. पानगळ ऋतूने होते, तिला कुणी जबाबदार नसते. अहवालाचे म्हणणे तर नेमके उलट होते: ही मरणे टाळता येण्याजोगी होती. जे रूपक समाजाला हलवते, तेच त्याला दोषमुक्तही करते काय?

आता बाटलीकडे वळू. श्वासमार्गात सतत थोडा दाब ठेवला, तर फुप्फुसातील वायुकोश मिटत नाहीत, हे तत्त्व सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी व सहकाऱ्यांनी 1971 साली नवजात बाळांसाठी वापरले. बुडबुड्यांच्या पद्धतीत हा दाब पाणीच देते: नळीचे टोक जितके सेंटिमीटर पाण्यात, तितका दाब. ढाक्याचे डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी याच तत्त्वावर शॅम्पूच्या रिकाम्या बाटलीचे साधन केले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत या उपचारातील 79 मुलांपैकी 3 दगावली. नेहमीच्या मंद प्राणवायूवरील 67 पैकी 10.

कथा इथेच संपली असती, तर ती सोयीची झाली असती. मलावीतील एका जिल्हा रुग्णालयातील चाचणीचे निष्कर्ष 2019 साली आले. तिथे दाबाच्या उपचाराची यंत्रे होती, पण रोज तपासणारा डॉक्टर नव्हता. त्या उपचारातील 17 टक्के मुले दगावली आणि साध्या प्राणवायूवरील 11 टक्के. मुले अतिशय गंभीर होती, हेही खरे. तरी बोध इतका निश्चित घेता येतो, की बाटली एकटी मूल वाचवीत नाही. पाण्याची पातळी, नाकातली नळी, बाळाचे पोट, त्याचा थकवा यांवर रात्रंदिवस नजर ठेवणारे प्रशिक्षित माणूस लागते. साधन स्वस्त असते. ते माणूस स्वस्त नसते.

म्हणून ठाणे-कल्याणच्या कुठल्याही बालविभागाविषयी विचारायचा प्रश्न ‘यंत्रे किती?’ एवढाच नव्हे. रात्री दोन वाजता एका परिचारिकेच्या वाट्याला किती बाळे येतात, हा खरा प्रश्न आहे. त्या रात्री आमच्या विद्यार्थिनीने बुडबुडे मोजले ते मायेने. त्या मोजण्याचा अर्थ जाणणारे दुसरे कुणीतरी तिच्या शेजारी उभे होते, म्हणून बाळ घरी आले.