अर्जुनानंतर चोवीस वर्षांनी द्रोण : प्रशिक्षकांचे पुरस्कार आणि त्यांची नोंद

(व्याख्यानाचे शब्दांकन)



सुरुवात दोन सालांपासून करू. खेळाडूंसाठीचा अर्जुन पुरस्कार भारत सरकारने सुरू केला १९६१ साली. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ साली. म्हणजे आपल्याकडे अर्जुन आधी आला आणि द्रोणाचार्य चोवीस वर्षांनी! महाभारतात हे जमलं नसतं. (हशा)

गंमत बाजूला ठेवू. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्थाही १९६१ मध्येच सुरू झाली, म्हणजे प्रशिक्षक शास्त्रशुद्ध पद्धतीने तयार करायला हवेत हे सरकारला त्याच वर्षी पटलेलं होतं. पण प्रशिक्षक तयार करणं वेगळं आणि त्याचं श्रेय त्याच्या नावावर मांडणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीला पाव शतक लागलं. आज मला याच दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. पुरस्कार म्हणजे शाल, श्रीफळ, रक्कम हे सगळं आहेच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहिलं तर पुरस्कार ही एक नोंद असते. कोण होता, त्याने काय केलं, कधी केलं, याची. आणि आपल्या गावोगावच्या प्रशिक्षकांच्या बाबतीत ही नोंद फार कच्ची राहिलेली आहे.

१९८५ च्या पहिल्या यादीत तीन नावं आहेत. अॅथलेटिक्ससाठी ओ. एम. नंबियार, मुष्टियुद्धासाठी ओमप्रकाश भारद्वाज आणि कुस्तीसाठी भालचंद्र भास्कर भागवत. आता प्रामाणिकपणे सांगा, यातलं कोणतं नाव तुम्हाला माहीत होतं? नंबियार. का? पी. टी. उषामुळे. हवाई दलातून निवृत्त झालेला हा माणूस केरळात मुलींना धावायला शिकवत होता. कण्णूरच्या क्रीडा विभागात त्यांनी उषाला हेरलं. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या एक शतांशाने हुकलं. पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने पाच सुवर्णपदकं मिळवली आणि त्याच वर्षी गुरूंना द्रोणाचार्य मिळाला. पद्मश्री मात्र मिळाली २०२१ मध्ये, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले.

आणि भागवत? देशातल्या पहिल्या तीन द्रोणाचार्यांपैकी एक, नाव आपल्या मराठी कानांना घरचं वाटावं असं. पण कुस्तीच्या वर्तुळाबाहेर हे नाव किती जण सांगतील? पुरस्कार तोच, वर्षही तेच. तरी एक नाव लोकांच्या तोंडी राहिलं आणि एक यादीत राहिलं. प्रशिक्षकाची आठवण शिष्याच्या प्रसिद्धीवर उभी असते, हे पहिल्याच यादीत दिसतं.

आता शिवाजी पार्कवर येऊ. रमाकांत आचरेकर सर. त्यांच्या स्वतःच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे, स्टेट बँकेकडून. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची नावं घ्या : बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर आणि अर्थात सचिन. यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवायचे, सचिनला बाद करील त्याचं नाणं, नाही झाला तर सचिनचं. ही गोष्ट आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकली आहे. स्कूटरवर मागे बसवून त्याला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेणं, तेही ऐकलंय.

सरांना द्रोणाचार्य मिळाला १९९० मध्ये. सचिनचं कसोटी पदार्पण नोव्हेंबर १९८९ चं. पद्मश्री २०१० ची. आता त्याआधीची वर्षं मोजा. संधू तर १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात खेळले होते. म्हणजे सरांचं काम त्याआधीच झालेलं होतं, रोज सकाळ-संध्याकाळ, तिथेच, मैदानात. आणि २ जानेवारी २०१९ ला सर गेले तेव्हा त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले नाहीत, त्यावरून बरीच टीका झाली. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर त्यांचं स्मारक उभं राहिलं. उशिरा का होईना, झालं.

पण मला याच गोष्टीतला आणखी एक माणूस दाखवायचा आहे. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शिल्ड. सचिन आणि विनोदची ६६४ धावांची भागीदारी. त्या वेळी मैदानाबाहेर आचरेकर सर नव्हते. होते त्यांचे सहायक लक्ष्मण चव्हाण. डाव घोषित करा म्हणून ते खुणा करत होते आणि ही दोन पोरं त्यांच्याकडे बघतच नव्हती! किस्सा सगळे हसत हसत सांगतात. पण विचार करा, चव्हाण सर इतिहासात आले ते एका किस्स्यातून. जाळ्यात चेंडू टाकून घेणारे, पोरांची हजेरी घेणारे, सर नसतील तेव्हा मैदान सांभाळणारे असे सहायक प्रत्येक क्लबात असतात. त्यांच्यासाठी कोणत्या पुरस्काराच्या अर्जात रकाना आहे?

इथे नियमाची गोष्ट सांगायला हवी. द्रोणाचार्यच्या नियमित गटात साधारण मागच्या चार वर्षांतली कामगिरी पाहतात, आणि कामगिरी म्हणजे शिष्यांची आंतरराष्ट्रीय पदकं. दीर्घकाळ काम केलेल्यांसाठी जीवनगौरव गट वेगळा आहे. २०२० मध्ये रक्कमही वाढली, नियमितसाठी दहा लाख आणि जीवनगौरवसाठी पंधरा लाख. चांगलंच झालं. नियमाला दोष देऊन चालणार नाही. दिल्लीत बसलेल्या समितीला काहीतरी मोजता यायला हवं, आणि पदक मोजता येतं. पण सात-आठ वर्षांच्या पोराला पहिल्यांदा नीट उभं राहायला शिकवणारा माणूस आणि ते पदक यांच्यात पंधरा-वीस वर्षांचं अंतर असतं. मधल्या काळात खेळाडू तीन-चार प्रशिक्षकांकडून पुढे गेलेला असतो. पदकाच्या वेळी जो शेजारी उभा, तो दिसतो.

कधीकधी वाट पाहिली तर न्याय होतोही. दिनेश लाड सरांनी बोरिवलीतल्या शाळेसाठी एक मुलगा हेरला. त्याला शाळेची फी परवडणारी नव्हती, तर सरांनी ती माफ करून घेतली. ऑफस्पिन टाकायचा तो, सरांनी त्याच्यातला फलंदाज ओळखला. तो रोहित शर्मा. रोहितला अर्जुन मिळाला २०१५ ला, लाड सरांना द्रोणाचार्य जीवनगौरव २०२२ ला. शाळेच्या प्रशिक्षकापर्यंत देशाचा पुरस्कार पोचला याचा आनंद आहे. पण त्यासाठी शिष्याला भारताचा कर्णधार व्हावं लागलं! गोव्याचे आर्मांदो कुलासो घ्या. धेंपो क्लबला त्यांनी पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. जीवनगौरव मिळाला तो २०२४ चा.

एक बदल मात्र मला फार मोलाचा वाटतो. २०२३ चा द्रोणाचार्य मल्लखांबाचे प्रशिक्षक गणेश देवरुखकर यांना मिळाला आणि २०२४ ची पद्मश्री दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना. मल्लखांब ऑलिंपिकमध्ये नाही. बाळंभट्टदादा देवधरांपासून गुरूकडून शिष्याकडे चालत आलेली ही विद्या. तिथे पदकाची फूटपट्टी नीट लागूच पडत नाही. तरी दखल घेतली गेली. म्हणजे फूटपट्टी बदलता येते.

आपल्या राज्यात काय झालं? शिवछत्रपती क्रीडा पुरस्कारांबरोबर प्रशिक्षकांसाठी दादोजी कोंडदेवांच्या नावाचा पुरस्कार होता. ते शिवरायांचे गुरू होते की नव्हते यावर वाद पेटला, आणि २००८ च्या सुमारास ते नाव मागे घेतलं गेलं. आज 'उत्कृष्ट क्रीडा मार्गदर्शक' म्हणतात. त्या वादात मी आज शिरत नाही. पण बघा, पुरस्कार कोणाच्या नावाने द्यायचा यावर आपण जेवढं बोललो, त्याच्या दहावा हिस्सा तरी तो कोणाला मिळाला यावर बोललो का? द्रोणाचार्य या नावावरही एकलव्याच्या अंगठ्याची सावली आहेच. आणि खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडूला दिला जाणारा पुरस्कार एकलव्याच्या नावाचा आहे. आपल्या समाजाला दोघेही हवे आहेत, हे त्यातल्या त्यात बरं.

आता थोडं स्वतःचं सांगतो. मी लहानपणी खो-खो खेळलो. आमचे सर दिवसा एका कार्यालयात कारकून आणि संध्याकाळी मैदानावर. चुना स्वतः आणायचे, पाट्या स्वतः आखायचे. ज्या पोराकडे बूट नाहीत त्याला कधी बोलायचे नाहीत, स्वतःच अनवाणी उतरायचे. गावाने त्यांचा सत्कार केला होता, मानपत्र दिलं होतं. सर गेल्यावर त्यांच्यावर लिहायचं म्हणून मी घरी गेलो, भिंतीवरची ती चौकट उतरवून वाचली. 'क्रीडामहर्षी', 'ध्येयवेडे', 'निःस्वार्थ सेवाव्रती', 'चालतेबोलते विद्यापीठ'. सगळी विशेषणं. त्यांनी कोणत्या साली सुरुवात केली, ते नव्हतं. किती मुलं खेळली, नव्हतं. मुलींचा संघ पहिल्यांदा त्यांनी काढला होता, तेव्हा घरोघरी जाऊन आयांना समजावलं होतं, त्याचा एक शब्द नाही. सन्मान अगदी मनापासून झाला होता हो. पण त्या चौकटीतून माझ्या हाती सर लागले नाहीत. खाली सत्कार समितीतल्या सतरा जणांची नावं मात्र स्पष्ट होती. (हशा)

तेव्हापासून मला वाटतं, स्थानिक पुरस्काराचं खरं बळ कशात आहे ते आपल्याला कळलेलं नाही. दिल्लीची समिती पदक मोजते, कारण तिला माणूस दिसत नाही. तुम्हाला दिसतो. तालुक्याचा क्रीडा संघ, व्यायामशाळा, माजी विद्यार्थी, तालमीतली जुनी मंडळी, यांना माहीत असतं की वस्ताद पहाटे किती वाजता आखाड्याचं दार उघडतात. हे ज्ञान फक्त इथेच आहे. ते मानपत्रात उतरलं नाही, तर एका पिढीत संपतं.

म्हणून मागणं साधं आहे. तुमच्या गावात प्रशिक्षकाचा पुरस्कार द्या, जरूर द्या, पण मानपत्र लिहिताना दोन विशेषणं कमी करा आणि चार नोंदी वाढवा. कोणत्या सालापासून शिकवतात. कोणतं मैदान, कोणता आखाडा. त्यांना स्वतःला कोणी शिकवलं. त्यांचे सहायक कोण. पदक न मिळवलेली पण खेळामुळे उभी राहिलेली मुलं कोण. आणि त्या मानपत्राची एक प्रत वाचनालयात ठेवा. शक्यतो सर हयात असताना, म्हणजे चुकलेलं साल ते स्वतःच दुरुस्त करतील.

खेळाडूंनीही एक करावं. अर्जात, मुलाखतीत 'पहिले प्रशिक्षक' म्हणून एक नाव घ्यावं. निवृत्तीच्या भाषणात सचिनने वानखेडेवर गंमतीने सांगितलं होतं, की एकोणतीस वर्षांत सर मला 'छान खेळलास' असं कधी म्हणाले नाहीत, आता म्हणायला हरकत नाही. पोर डोक्यावर बसू नये म्हणून सरांनी ते शब्द राखून ठेवले होते. आपल्याला राखून ठेवण्याचं काही कारण नाही. आपल्या सरांना ते सांगायला उशीर करू नका, आणि सांगितलंत की लिहूनही ठेवा.