आधी गडगा, मग पेला

साल 1756. सप्टेंबरचं ऊन. पोर्तुगालच्या उत्तरेला, दोउरो नदीच्या खोऱ्यात एका उभ्या चढावर तुम्ही आहात. पायाखाली माती म्हणावी अशी नाहीच. शिस्ट आहे, पाटीच्या दगडासारखा थराथरांचा, पहार घालून फोडावा लागणारा. शेजारचा गडी स्पेनच्या गालिसियातून मजुरीला आलाय. तो एक दगड उचलतो, हातात फिरवून त्याची बसकी बाजू शोधतो आणि चुना-चिखल काही न लावता खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसवतो. कोकणातल्या माणसाला हे काम लगेच ओळखू येईल. हा गडगाच. वर आणलेली पाटीभर माती त्याच्यामागे ओतायची, तिच्यात वेल लावायचा, की पुढचा गडगा. आता दगड तुमच्या हातात आहे.

दोउरोच्या वाईनचं संग्रहालय मला इथून सुरू करायचं आहे. पिंपांच्या रांगा आणि मंद दिवे सगळीकडेच असतात. इथे अख्खा डोंगर माणसांनी हाताने पायऱ्या-पायऱ्यांचा केला, आणि 2001 साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं ते याच घडवलेल्या भूमीला. म्हणून पहिल्या दालनात खरा दगड हवा, खऱ्या वजनाचा. चुकीचा बसवला तर घरंगळत खाली गेला पाहिजे आणि तुम्हीच तो पुन्हा वर आणला पाहिजे.

गडगा उभा राहतो न राहतो तोच सरकारी माणसं येतात. लिस्बनमध्ये मंत्री पोंबाल यांनी 10 सप्टेंबरला वाईनच्या व्यापारासाठी एक कंपनी स्थापन केली आहे. पोर्तोचे इंग्रज व्यापारी भाव पाडतायत, कोणी वाईनला रंग यावा म्हणून एल्डरबेरीचा रस मिसळतंय, यावर इलाज म्हणून चांगल्या वाईनचा मुलूख आखला जातो. पुढच्या काही वर्षांत ग्रॅनाइटचे 335 खांब रोवले गेले, त्यांवर ‘फैतोरिया’ (म्हणजे निर्यातीची वाईन) ही अक्षरं आणि साल कोरलेलं. एल्डरबेरीची झाडं उपटण्याचा हुकूमही निघाला.

या दालनात खांब तुमच्या आणि तुमच्या सोबत्याच्या मधोमध रोवला जाईल. ऊन तेच, दगड तोच; पण तुमच्या वाईनला निर्यातीचा भाव आणि त्याच्या वाईनला नाही. आखणीचा हा अर्थ नकाशावरून कधीच कळत नाही. 1757 मध्ये पोर्तोत कंपनीविरुद्ध दंगल उसळली आणि कितीतरी जणांना फाशी झाली, हेही इथेच सांगायला हवं.

मग नदी. 12 मे 1861. तुम्ही राबेलो नावाच्या सपाट बुडाच्या नावेचे तांडेल आहात, हातात लांबलचक सुकाणू. समोर काशांव दा वालेइरा, खडकांमधली अरुंद, खवळलेली वाट. याच ठिकाणी जोसेफ जेम्स फॉरेस्टर बुडाला, ज्याने या नदीचा सुंदर नकाशा काढला होता. द्राक्षमळ्यांची धनीण दोना आंतोनिया फेरेइरा त्याच प्रसंगात वाचली. तिच्या घेरदार घागऱ्याने तिला तरंगत ठेवलं, असं लोक सांगतात. गोष्ट छान आहे, पण दालनात मला सुकाणूला बसणारे हिसके हवेत, तुमच्या खांद्यापर्यंत.

त्याच दशकात मुळं खाणारी फिलॉक्सेरा कीड आली. वेल वाळले, माणसं निघून गेली. ओस पडलेल्या त्या गडग्यांना तिथे ‘मोर्तोरियो’ म्हणतात. अमेरिकी खुंटावर कलमं बांधून मळे पुन्हा उभे राहिले, पण काही पायऱ्या आजही तशाच पडून आहेत. या दालनात काहीही ठेवू नये. नुसते चढायला लावावेत ते गडगे.

शेवटी लागार, म्हणजे ग्रॅनाइटची बुटकी, चौकोनी टाकी. रात्र झाली आहे. दिवसभर द्राक्षं तोडलेली तीच माणसं आता गुडघाभर लगद्यात उतरतात. तुम्हीही उतरा. आधी गार, चिकट. साली बोटांमध्ये शिरतात, देठ टोचतात. दोन्ही बाजूंच्या गड्यांच्या खांद्यांवर हात टाकून ओळ धरायची आणि मोजणाऱ्याच्या आवाजावर पाय उचलायचा: डावा, उजवा, डावा. सुमारे दोन तास असंच. पोटऱ्या भरून येतात. मग ओळ मोडते, अकॉर्डियन सुरू होतो आणि लोक टाकीतच नाचायला लागतात. आंबणं सुरू झालं की लगदा कोमट होतो. साखर अजून शिल्लक असतानाच रस काढून त्यात 77 टक्क्यांची द्राक्षाची दारू ओततात, साधारण चार भागांना एक. किण्व मरतं, गोडी राहते. पोर्ट म्हणतात ती हीच.

चव घ्यायची ती या टाकीच्या काठावर, पाय जांभळे असतानाच. बाटल्यांवरची नावं बऱ्याचदा इंग्रजी असतात: टेलर, ग्रॅहम, कॉकबर्न. त्यांच्या शेजारी मला मजुरीची वही हवी, उघडून ठेवलेली: गडगा रचणाऱ्याला किती, पाटी वाहणारीला किती, रात्रीच्या तुडवणीला किती. पेला हातात घेऊन ती वाचा.