वऱ्हाड सर्व्हरवर कुठे अडतं?

बुलढाणा की बुलडाणा, हा घोळ निदान डोळ्यांना दिसतो: एकात ढ, दुसऱ्यात ड. पण हा जिल्हा ज्या प्रांताचं पश्चिम टोक आहे, त्या 'वऱ्हाड' या नावाची अडचण दिसतच नाही. हा शब्द कॉम्प्युटरमध्ये तीन तऱ्हांनी साठवता येतो आणि स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे 'वऱ्हाड' नावाची फाइल वेबसाइटवर असूनही, तेच नाव टाइप करून मागणाऱ्याला सर्व्हर 'सापडली नाही' असं सांगू शकतो.

सगळा घोळ त्या पापणीसारख्या अर्ध्या र चा. हिंदीचं त्याच्यावाचून अडत नाही, मराठीचं अडतं. 'आचार्यास' म्हणजे गुरुजींना, 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला.

युनिकोडची देवनागरी 'इस्की' या भारतीय मानकाच्या १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. तिच्यात 'ऱ' ला स्वतंत्र जागा होती, पण ती दाक्षिणात्य भाषांमधला कठोर र देवनागरीत लिहिता यावा म्हणून. मग मराठीच्या पापणीचं काय? १९९६ साली आलेल्या युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीचं उत्तर होतं: साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. नंतर नियम बदलला: ऱ आणि हलन्त. जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून आधीची पद्धतही चालू ठेवली. तिसरी तऱ्हा म्हणजे 'ऱ' ची फोड: र आणि खाली नुक्ता. १९९८ साली मॅकवर आलेली फाइलव्यवस्था नावं अशी फोड करूनच साठवायची.

लिनक्स सर्व्हरला शब्द कळत नाहीत, फक्त बाइट कळतात. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'वऱ्हाड' एका तऱ्हेनं ६ चिन्हांचा, म्हणजे १८ बाइटचा. उरलेल्या दोन्ही तऱ्हांनी ७ चिन्हांचा, २१ बाइटचा, आणि त्या दोघांचे बाइटही एकमेकांशी जुळत नाहीत. जुन्या मॅकवरून सर्व्हरवर आलेली फाइल २१ बाइटच्या नावाची असते, फोनवरून मागणी १८ बाइटची येते. दोघांची गाठच पडत नाही.

यावर उपाय आहे. नाव साठवण्याआधी आणि शोधण्याआधी त्याला एकाच रूपात आणायचं. युनिकोडचं 'एनएफसी' हे प्रमाणरूप र आणि नुक्ता जोडून पुन्हा ऱ करतं. जोडचिन्हाला मात्र ते हात लावत नाही. तिथे बरेच प्रोग्रॅमर न दिसणारी सगळी चिन्हं पुसून टाकतात आणि आचाऱ्याचा आचार्य होतो. खरं तर 'र, हलन्त, जोडचिन्ह' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' घालायला हवं. त्याहून सुरक्षित मार्ग म्हणजे डिस्कवर फाइलला नुसता क्रमांक द्यायचा, मराठी नाव डेटाबेसमध्ये ठेवायचं आणि डाउनलोडच्या वेळी ते परत लावायचं.

एवढं करण्याऐवजी फाइलला इंग्रजी नाव देऊन मोकळं होणं सोपं वाटतं. पण हा र कुठे कुठे येतो ते बघा: शेतकऱ्यांची यादी, कर्मचाऱ्यांच्या बदल्या, अधिकाऱ्यांचे आदेश, विहिरींच्या दुसऱ्या टप्प्याचं अनुदान. म्हणजे नेमके तेच कागद, जे मेहकर किंवा मोताळ्याचा माणूस फोनवर मराठीत शोधणार. यादी सर्व्हरवर असते, आणि 'सापडली नाही' वाचून तो आपलं नावच यादीत नसेल असं समजतो.

म्हणून कोड तपासताना 'टेस्ट-१' सोबत आणखी एक फाइल ठेवावी. नाव 'वऱ्हाड'. ती तिन्ही तऱ्हांनी मागून बघावी. तिन्ही वेळा मिळाली, तरच तो सर्व्हर मराठीसाठी तयार आहे.